अन्नाच्या रांगेत घोषणा कशाला?

ऑक्टोबर २०२४ चा शेवटचा आठवडा. दिवाळी तोंडावर आलेली, महाराष्ट्रात विधानसभा निवडणुकीची धामधूम सुरू झालेली. अशा वेळी मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेरची एक चित्रफीत देशभर फिरली. हॉस्पिटलबाहेरच्या रस्त्यावर गरजूंना मोफत जेवण वाटले जात होते. रांगेत एक मुसलमान बाई उभी होती. वाटप करणाऱ्या वयस्क गृहस्थाने तिला सुनावले की, आधी श्रीरामाचा जयजयकार कर, मग जेवण मिळेल. म्हणायचे नसेल तर रांगेतून बाहेर हो.

घटना एवढीच. मारहाण नाही, दंगल नाही. दोन-चार दिवस टीका झाली, तितकेच जोरदार समर्थनही झाले, आणि निवडणुकीच्या गदारोळात विषय विरून गेला. पण वाचकहो, तो विरू देण्यासारखा नाही. कारण प्रश्न त्या एका गृहस्थाचा नाही. भुकेल्याच्या हातात घास ठेवताना त्याच्या तोंडून आपल्या देवाचे नाव वदवून घ्यावे काय, हा प्रश्न आहे. आणि तो आपल्या मंडळाच्या दारातही येऊन उभा राहिला आहे.

हजीऱ्याशी याचा संबंध काय?

आपला हजीरा पट्टा म्हणजे एक छोटा हिंदुस्थानच. क्रिभको, ओएनजीसी, रिलायन्स, लार्सन अँड टुब्रो, पूर्वीचे एस्सार आणि २०१९ पासूनचे आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टील, शिवाय बंदर आणि गॅसचे टर्मिनल. या सगळ्यांच्या आधाराने ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड आणि आपल्या खानदेशातून आलेला कंत्राटी मजूर मोरा आणि आसपासच्या गावांत दहा बाय दहाच्या खोल्यांतून राहतो. त्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आदिवासी आहेत. ९ मे २०२० रोजी, लॉकडाऊनच्या काळात, हेच मजूर मोरा गावात रस्त्यावर उतरले होते. त्यांची मागणी एकच होती, आम्हाला घरी जाऊ द्या. त्या दिवसांत शिध्याच्या पिशवीचे मोल काय होते हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको.

आपले मंडळ या वस्त्यांत शिधा आणि थंडीत ब्लँकेटे वाटते, ही चांगली परंपरा आहे. अलीकडे मात्र काही तरुण कार्यकर्त्यांनी सूचना मांडली की, पिशवीवर देवाचे चित्र आणि घोषणा छापावी, आणि वाटप सुरू करण्यापूर्वी रांगेतल्या सर्वांकडून ती घोषणा म्हणवून घ्यावी. "आपण देतो ते आपल्या धर्माच्या नावाने देतो, मग लाजायचे कशाला?" असा त्यांचा सवाल आहे. या तरुणांच्या मनात कपट नाही, उत्साह आहे. मध्यरात्री रक्ताची बाटली हवी असली तर हीच मुले धावत जातात. म्हणूनच त्यांना गप्प बसवून चालणार नाही, उत्तर दिले पाहिजे. या लेखाचा हेतू तोच.

शारदा सदनाचा धडा

हा वाद मराठी माणसाला नवा नाही. एकशे तीस वर्षांपूर्वी पुण्यात तो इतका पेटला होता की त्याची धग आजही पुरती विझलेली नाही.

पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी. वैधव्य आल्यावर त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली त्यांनी तिथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या हालअपेष्टा सांगितल्या आणि त्यातून बोस्टनला एक साहाय्यक संस्था उभी राहिली. त्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. संस्थेचे जाहीर धोरण असे होते की, इथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींना आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक राहील. या भरवशावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली.

मग कुजबूज सुरू झाली की रमाबाईंच्या सकाळच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या आहेत. रमाबाईंचे म्हणणे साधे होते. मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार लावून घेत नाही, कोणी येऊन बसले तर हाकलतही नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, जिच्या हातात अन्न, वस्त्र, निवारा आणि सगळे भवितव्य आहे तिचे उघडे दार म्हणजे केवळ उघडे दार नव्हे, ते बोलावणेच. लोकमान्यांनी 'केसरी'तून जी टीका केली तिचा मुख्य रोख हाच होता की, मिशनचे काम करायचे तर मिशन म्हणून उघड करा, धर्मनिरपेक्ष शाळेची पाटी लावून करू नका. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आता या वादात संपूर्ण बरोबर कोण? सरळ सांगायचे तर कोणीच नाही. रमाबाईंनी ज्या मुलींना जवळ केले त्यांना त्यांच्या स्वतःच्या घरांनी, आपल्याच सोवळ्याओवळ्याच्या समाजाने उंबऱ्याबाहेर टाकले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या. १९०० साली आपल्या गुजरातेत छप्पनिया दुष्काळाने माणसे किड्यामुंगीसारखी मरत असताना इथूनही शेकडो अनाथ मुली त्यांच्या केडगावच्या 'मुक्ती' सदनात गेल्या. त्या मुलींना वाचवायला तेव्हा आपल्यातले किती जण पुढे झाले होते? हा प्रश्न टाळून रमाबाईंवर बोट रोखणे हा अप्रामाणिकपणा होईल. पण तितकेच खरे की, ज्या मुलीला जायला दुसरे दार नाही, तिच्या मनावर आपल्या श्रद्धेचा ठसा उमटू देणे हा बरोबरीचा व्यवहार नव्हे. तिचा होकार हा खरा होकार की उपकाराची परतफेड, हे ती स्वतःही सांगू शकत नाही.

या वादाला सर्वांत चांगले उत्तर कोणी दिले असेल तर धोंडो केशव कर्वे यांनी. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, या शारदा सदनाच्याच पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. त्या हिंदूच राहिल्या आणि रमाबाईंचे ऋणही त्यांनी कधी नाकारले नाही. कर्व्यांनी निषेधाच्या सभा भरवण्यापेक्षा १८९६ साली विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला आणि पुढे हिंगण्याला वाढवला. परक्याच्या मदतीत धर्माचा वास येतो ना? मग त्याहून चांगली मदत आपण उभी करा. बोलणे कमी, काम जास्त.

काच दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते

इथे आमचे तरुण मित्र म्हणतील, "मिशनऱ्यांनी शंभर वर्षे हेच केले. मग आम्ही एक घोषणा म्हणायला लावली तर एवढे काय बिघडले?"

हा युक्तिवाद जरा तपासून पाहू. परधर्मी मदतीत लपलेल्या प्रचाराला आपण आजवर विरोध का केला? मदत परक्या देशातून आली म्हणून? नाही. मिरजेचे डॉ. वानलेस यांचे हॉस्पिटल १८९४ पासून उभे आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या किती मराठी घरांतली माणसे तिथून बरी होऊन परतली, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या बायकांना हाताशी धरून आरोग्याचे जे काम उभे केले, त्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि आपण सर्वांनी त्याचा अभिमान बाळगला. आपला विरोध धर्माला नव्हता, देणाऱ्यालाही नव्हता. आपला विरोध अडलेल्याच्या अडचणीचा फायदा घेण्याला होता. १९५४ साली नागपूरचे माजी मुख्य न्यायाधीश नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली आणि जिचा अहवाल १९५६ साली आला, तिचाही आक्षेपाचा गाभा हाच होता की शाळा आणि दवाखाना यांचा वापर धर्मांतराचे साधन म्हणून होऊ नये.

गुजरातचा २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदाही तेच सांगतो. धर्मांतरासाठी रोख वा वस्तूच्या रूपात भेट देणे, कोणताही आर्थिक लाभ पुरवणे याला तो 'प्रलोभन' म्हणतो आणि तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपर्यंत दंड सांगतो. व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा त्याहून जास्त. डिसेंबर २०२१ मध्ये बडोद्याच्या मकरपुऱ्यातील मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या आश्रमावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. आश्रमातल्या मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवण्याचा प्रयत्न होतो, असा आरोप होता. संस्थेने तो साफ नाकारला. आरोपाच्या खरेखोटेपणात आपण इथे जात नाही. पण तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी काय म्हटले होते ते आठवा. "अनाथ पोरींना जेवू घालता तर घाला, त्यांच्या पुढ्यात तुमचे धर्मग्रंथ कशाला ठेवता?" हेच ना? मग मोऱ्याच्या रांगेतल्या मुसलमान मजुराने आपल्याला हाच सवाल केला तर आपल्याकडे उत्तर काय?

कायदा धर्मांतरापुरता आहे, घोषणा म्हणायला लावणे त्यात बसत नाही, असे कोणी वकिली मुद्दा काढील. खरे आहे, बसत नाही. पण जे कायद्यात बसत नाही ते सगळेच शोभते असे थोडेच आहे? ज्या तत्त्वावर आपण दुसऱ्याला दोषी धरतो ते तत्त्व आपल्या अंगणात आल्यावर बदलत असेल, तर ते तत्त्व नव्हते, सोय होती.

आपल्या शेजारचा डांग जिल्हा हे याचे जिवंत उदाहरण. डांग महाराष्ट्रात की गुजरातेत यावर एके काळी आपले वडीलधारे हिरिरीने भांडले. १९९८ च्या नाताळात तिथे प्रार्थनाघरांवर हल्ले झाले, जानेवारी १९९९ मध्ये पंतप्रधान वाजपेयी तिथे गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असे म्हणाले. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथेच शबरी कुंभ भरला. या सगळ्या ओढाताणीत डांगी माणसाला हवे होते ते काय? शाळा, दवाखाना, उन्हाळ्यात पाणी आणि रोजगारासाठी साखर कारखान्याच्या उसावर जावे लागू नये एवढेच. सेवा दोन्हीकडून आली, पण सेवेबरोबर निशाण आले, आणि निशाणाबरोबर भांडण आले.

जगातही हेच चालते. अमेरिकेतील 'सॅमॅरिटन्स पर्स' ही संस्था १९९३ पासून नाताळात बुटांच्या खोक्यांत खेळणी आणि वह्या-पेन्सिली भरून गरीब देशांतल्या लाखो मुलांना वाटते. खोक्यांबरोबर ख्रिस्ती प्रचाराची पुस्तिका आणि पुढे धर्मशिक्षणाचा वर्गही असतो. ब्रिटनमध्ये शाळाशाळांतून ही खोकी भरणाऱ्या पालकांना जेव्हा हे कळले, तेव्हा बरीच टीका झाली. आम्ही बाहुली दिली होती, पुस्तिका नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रान्समध्ये तर याच्या उलटा प्रकार घडला. पॅरिसमध्ये काही अतिउजव्या गटांनी बेघरांसाठी मोफत सूप वाटायला सुरुवात केली, आणि त्यात मुद्दाम डुकराचे मांस घातले, म्हणजे मुसलमान आणि यहुदी आपोआप रांगेबाहेर. पोलिसांनी त्यावर बंदी घातली आणि जानेवारी २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती उचलून धरली. मुद्दा असा की, अन्नातून संदेश देण्याची कला कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही. ती सगळ्यांना जमते आणि कोणालाच शोभत नाही.

प्रसाद वेगळा, रांग वेगळी

आता एक प्रामाणिक शंका. गणेशोत्सवात आपण भंडारा करतो, आरतीनंतर प्रसाद वाटतो. गुरुद्वारात लंगर असतो, तिथे डोके झाकावे लागते. दर्ग्यावर नियाज असते. मग हे सगळे बंद करायचे का? मुळीच नाही.

फरक समजून घ्या. मंडपात जो येतो तो मंडप आहे हे पाहून येतो. त्याला आरतीची ओढ असते, नसली तरी तो आरती संपेपर्यंत बाहेर थांबू शकतो. त्याच्या घरी चूल पेटलेली असते. लंगरमध्ये डोके झाकायला सांगतात ते त्या जागेच्या अदबीसाठी, पंगतीत बसण्यासाठी कोणाला शीख व्हावे लागत नाही, गुरूचे नाव घ्यावे लागत नाही. आपण मशिदीत, देवळात चपला काढतो, तसेच ते. पण टाटा हॉस्पिटलबाहेरची रांग हे देऊळ नाही. ती बाई तिथे दर्शनाला आली नव्हती. तिथे जो येतो तो दुखण्याने पिचून आलेला असतो, उपचाराला पैसे मोजताना जेवायला काही उरलेले नसते. त्याला पर्याय नसतो. ज्याला पर्याय नाही त्याला घातलेली अट ही अट राहत नाही, ती जबरदस्ती होते.

म्हणून तीन साध्या कसोट्या सुचवतो. पहिली, समोरच्याने आपला धार्मिक संदेश नाकारला तरी मदत तितकीच आणि तितक्याच मानाने मिळते का? दुसरी, आपण जे करतो ते वर्गणी देणाऱ्याला आणि मदत घेणाऱ्याला आधीच उघडपणे सांगितले आहे का? तिसरी, उद्या आपली आई परक्या गावात, परक्या धर्माच्या रांगेत उभी असेल आणि तिला हेच करायला लावले, तर आपल्याला चालेल का? तिसऱ्या कसोटीला बहुतेक युक्तिवाद गळून पडतात.

अट घालूच नये असेही नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवले तेव्हा लेखी करार होता. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करायची. ही अट होती, पण कामाची होती, सरळ होती, कागदावर होती. त्यांनी कोणता देव मानावा याचा त्यात उल्लेख नव्हता. त्याच विद्यार्थ्याने १९५६ साली बौद्ध धम्म स्वीकारला. बडोद्याची शिष्यवृत्ती धर्माच्या अटीवर दिलेली असती तर ती आज कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

धर्म काय सांगतो?

आमचे तरुण धर्माच्या नावाने बोलतात म्हणून धर्माचेच विचारू. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेड करू न शकणाऱ्याला, केवळ द्यायचे म्हणून दिलेले दान सात्त्विक. काही मिळावे या अपेक्षेने दिलेले राजस. आणि घेणाऱ्याचा अपमान करून दिलेले तामस. रांगेत उभ्या असलेल्या बाईला घोषणा द्यायला लावून ताट देणे यातल्या कोणत्या वर्गात बसते, हे वाचकांनीच ठरवावे. कुराणातही उपकार बोलून दाखवून आणि दुखवून दान वाया घालवू नका असे बजावले आहे. येशूनेही दान करताना रस्त्यात दवंडी पिटू नका असेच सांगितले. म्हणजे तिन्ही धर्मांचे म्हणणे एक आहे, आणि तिन्ही धर्मांचे अनुयायी ते विसरतात तेही सारखेच!

आणखी एक गोष्ट. जबरदस्तीने घेतलेल्या नामाने देवाची कीर्ती वाढते, असे मानणे हा देवाचाच अपमान आहे. भुकेपोटी म्हटलेला जयजयकार हा भुकेचा आवाज असतो, भक्तीचा नव्हे. तो माणूस ताट घेऊन जातो, पण मनात त्या नावाबद्दल काय घेऊन जातो? आदर नक्कीच नाही. जे नाव आपल्या आजीच्या ओठांवर शेवटच्या श्वासापर्यंत होते, ते कोणाला अपमानाची आठवण म्हणून द्यावे, याहून मोठा करंटेपणा कोणता?

सुरतेची रीत

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना या शहराची रीत ठाऊक आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले. ती स्वारी होती, दानधर्म नव्हता. तरीही फ्रेंच प्रवासी बर्नियर याने नोंदवून ठेवले आहे की, कॅपुचिन मिशनरी फादर अँब्रोज यांच्या निवासाला महाराजांनी हात लावू दिला नाही, कारण हे पाद्री भले लोक आहेत असे त्यांचे मत होते. तसेच डच कंपनीच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वगळले, कारण तो हयातीत मोठा दानशूर होता असे त्यांना सांगण्यात आले. ऐन धामधुमीत ज्यांना दुसऱ्या धर्माच्या माणसातला भलेपणा ओळखता आला, त्यांचे नाव घेणाऱ्यांनी शांततेच्या काळात शिध्याच्या पिशवीवर धर्म तपासावा?

ज्या टाटा हॉस्पिटलबाहेर हा प्रकार घडला ते १९४१ साली उभे राहिले ते सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून. टाटा घराणे आपल्या शेजारच्या नवसारीचे. पारशी समाज संख्येने मूठभर, पण त्यांनी उभ्या केलेल्या दवाखान्यांत पाऊल ठेवताना कोणालाही अग्निदेवतेचे नाव घ्यावे लागले नाही. त्याच परळमध्ये संघाचे प्रचारक नाना पालकर यांच्या स्मरणार्थ १९६८ साली स्थापन झालेली समिती बाहेरगावच्या रुग्णांची राहण्याची सोय करते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. म्हणजे निष्ठा ठेवूनही निर्मळ सेवा करता येते, याची उदाहरणे त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

आपल्या सुरतेतच पाहा. एकता ट्रस्टचे अब्दुलभाई मलबारी तीस वर्षांहून अधिक काळ बेवारस मृतदेहांचे अंत्यसंस्कार करत आले आहेत. मृत हिंदू असेल तर अग्नी, मुसलमान असेल तर दफन. कोरोनाच्या काळात सख्खे नातेवाईक जवळ जायला घाबरत होते, तेव्हा त्यांची माणसे स्मशानात उभी होती. मेलेला माणूस तक्रार करायला येणार नव्हता. त्याला कसाही पुरला असता तरी कोण विचारणार होते? तरीही ज्याचा जो धर्म तो त्याला शेवटपर्यंत दिला. परधर्मीयाची सेवा कशी करावी याचे याहून स्वच्छ उदाहरण दुसरे कुठे शोधायचे?

आणि २००६ चा ऑगस्ट कोण विसरेल? उकाईचे पाणी सुटले, तापी शहरात शिरली, रांदेर-अडाजणची घरे पहिल्या मजल्यापर्यंत बुडाली. गच्च्यांवर अडकलेल्या माणसांपर्यंत जी पाकिटे पोहोचली, ती देवळातून आली की मदरशातून की गुरुद्वारातून, हे कोणी पाहिले होते का? पाणी ओसरल्यावर ज्याने फावडे हातात घेऊन आपल्या उंबऱ्यावरचा गाळ काढला, त्याची जात आपण विचारली नाही. त्यानेही आपली विचारली नाही. आपण या शहरात भाषेने अल्पसंख्य आहोत हे लक्षात ठेवा. आज आपण देणारे आहोत, म्हणून हे बोलणे सोपे वाटते. उद्या रांगेत कोण उभे असेल हे तापीला ठाऊक!

मंडळाने काय करावे?

१९९४ साली, ज्या वर्षी सुरतेत प्लेगने हाहाकार माजवला त्याच वर्षी, रेड क्रॉस आणि इतर सेवाभावी संस्थांनी आपत्तीच्या वेळी मदत कशी करावी याची एक आचारसंहिता ठरवली. मदत गरजेनुसार द्यावी, आणि तिचा वापर कोणतेही राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी करू नये, हे त्यातले दोन प्रमुख नियम. आपण जगाच्या पाठीवरचे काही वेगळे सांगत नाही.

माझी मंडळाला नम्र सूचना अशी. एक, शिध्याच्या पिशवीवर मंडळाचे नाव असावे, देवाचे चित्र आणि घोषणा नसावी. पिशवी रिकामी झाली की ती कचऱ्यात जाते, देवाचे चित्र तिथे जावे हे कोणत्या भक्ताला आवडेल? दोन, वाटपाच्या जागी कोणाकडूनही काही म्हणवून घेऊ नये, आणि कोणत्याही पक्षाचा झेंडा वा नेत्याचा फोटोही नसावा. धर्माच्या घोषणेला विरोध आणि पुढाऱ्याच्या फोटोला मुभा, असे चालणार नाही. तीन, घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असे फोटो काढून फिरवू नयेत. चार, कोणाला काय खायला चालते याचा विचार करून शिधा भरावा. आणि पाच, ज्यांना धर्माच्या नावाने काही करायचे आहे त्यांनी गणेशोत्सवाचा भंडारा दुप्पट करावा, दार सताड उघडे ठेवावे. येईल तो आपल्या पायाने येईल आणि पोटभर जेवून जाईल.

तरुण मित्रांना शेवटचे एकच सांगणे. आपला धर्म लपवा असे कोणी म्हणत नाही. कपाळावर टिळा असू द्या, गळ्यात तुळशीची माळ असू द्या, आणि त्या हातांनी मोऱ्याच्या गल्लीत ब्लँकेट द्या. घेणाऱ्याला तुमचा धर्म दिसेलच. त्याला तो तुमच्या वागण्यातून कळू द्या, त्याच्या तोंडून वदवून घेऊ नका. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय मतदानाला येईल तेव्हा आपल्या वाचकांनी, विशेषतः जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी, अवश्य हजर राहावे आणि आपले मत मांडावे. गप्प बसण्याची ही वेळ नाही.